सर्जनसाहेबांची उचकी

पहिली उचकी लागली तेव्हा सर्जनसाहेब स्वयंपाकघरात उभ्याउभ्या टोस्ट खात होते आणि हल्लीच्या पोरांना कशाचीच किंमत नाही, हे बायकोला समजावून सांगत होते.

"बदली मागितलीय तिनं. त्वचारोग विभागात. का, तर म्हणे इथे काही शिकायला मिळत नाही. अगं, माझ्यासमोर उभं राहायला मिळतं, हे काय कमी शिक्षण—उच्."

बायकोने कप विसळता विसळता मान वर केली. "काय म्हणालात?"

"काही नाही. माझ्यासमोर उभं—उच्."

"पाणी प्या. आणि बसून खा. कोरडा टोस्ट असा घशात कोंबला की दुसरं काय होणार?"

"उचकी पोटाच्या वर जो पडदा असतो, त्याच्यामुळे लागते. घशाचा काही संबंध—उच्—नाही."

"बरं. मग पडद्याला पाणी पाजा."

एवढ्यात सर्जनसाहेबांच्या आई भिंतीला धरत धरत आतल्या खोलीतून बाहेर आल्या. त्यांना दारावरची घंटा ऐकू येत नसे, फोन ऐकू येत नसे, पण मुलाची उचकी दोन भिंतींपलीकडून ऐकू आली होती.

"बाबू, कोणीतरी आठवण काढतंय तुझी," त्या खुर्चीत बसत म्हणाल्या. "एकेकाला आठवून बघ. ज्याच्यापाशी थांबेल, तो."

"आई, दुसऱ्यानं आठवण काढली म्हणून माझा स्नायू आखडत नाही."

"मोठी मावशी," आईंनी सुरुवात केली.

"उच्."

"मावशी नाही. धाकटा काका."

"उच्."

"तो कशाला काढेल म्हणा, कामाशिवाय. तुझा तो दातांचा डॉक्टर झालेला मित्र?"

"उच्. आई, मला उशीर होतोय."

"मग ती बदली मागणारी पोरगी असेल."

यावर आलेली उचकी इतकी जोरदार होती की हातातल्या टोस्टचा तुकडा कपात पडला.

"ती नाहीच," बायको म्हणाली. "तिनं अर्ज दिलाय. ती आज पहिल्यांदा शांत झोपून उठली असेल."

सर्जनसाहेबांनी चमचाभर साखर नाकारली, खाली वाकून पाणी प्यायला नकार दिला आणि नाक दाबायला पुढे आलेला आईचा हात बाजूला केला. सगळं आयुष्य शास्त्रात घालवलेल्या माणसाने चमचाभर साखरेपुढे मान तुकवावी, हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं. गाडीत बसल्यावर उचकी आपोआप थांबेल, असं सांगून ते निघाले. आणि ती खरंच थांबली. इस्पितळाच्या फाटकावर रखवालदाराने "नमस्कार साहेब" म्हटलं, त्याला उत्तर द्यायला त्यांनी तोंड उघडलं, आणि नमस्काराच्या जागी उचकी बाहेर पडली.

इस्पितळात सर्जनसाहेबांचा हात प्रसिद्ध होता. तो दगडासारखा स्थिर होता आणि त्यांनी घातलेला छेद पट्टीने रेघ मारल्यासारखा सरळ यायचा. हा हात त्यांना सहज लाभलेला नव्हता. शिकत असताना ते आपल्या गुरूंसमोर उभे राहून वर्षानुवर्षं जखमेच्या कडा ओढून धरत आले होते. इतकी वर्षं, की झोपेतही ते काहीतरी घट्ट ओढून धरायचे आणि बायकोला पांघरुणासाठी भांडावं लागायचं. गुरू निवृत्त झाले त्या दिवशी सुरी पहिल्यांदा त्यांच्या हाती आली. त्यानंतर ती त्यांनी दुसऱ्या कोणाच्या हाती जाऊ दिली नाही.

सध्या कडा ओढून धरायचं काम त्यांच्या हाताखालच्या ज्युनिअर डॉक्टर करत होत्या. अंगाने किरकोळ असल्यामुळे सगळे त्यांना छोट्या मॅडम म्हणत. छोट्या मॅडम हुशार होत्या, मेहनती होत्या आणि ओढून धरण्यात आता इतक्या तरबेज झाल्या होत्या, की यापलीकडे आपल्याला काही करू देतील ही आशा सोडून त्यांनी बदली मागितली होती.

ऑपरेशन थिएटरच्या बाहेरच्या खोलीत भूलतज्ज्ञ चहा पीत बसले होते. ते सर्जनसाहेबांचे कॉलेजपासूनचे मित्र. आयुष्यभर माणसांना झोपवत आल्यामुळे त्यांच्या बोलण्यातही एक गुंगी उतरली होती.

"उचकी लागलीय वाटतं," ते म्हणाले.

"नाही. मी—उच्—गातोय."

"श्वास रोखून धर."

सर्जनसाहेबांनी श्वास रोखला. चेहरा आधी लाल झाला, मग जांभळट. छोट्या मॅडम दारात उभ्या होत्या, त्यांनीही नकळत श्वास धरला. शेवटी सर्जनसाहेबांनी हवा सोडली. खोलीत शांतता पसरली.

"बघ," सर्जनसाहेब म्हणाले. "साधी गोष्ट असते. शरीरशास्त्र माहीत असलं की—उच्."

मग बाहेरून जाणाऱ्या फिजिशियनना बोलावण्यात आलं. त्यांनी मानेतून पोटात उतरणाऱ्या एका मज्जातंतूबद्दल बरंच सांगितलं. सर्जनसाहेबांना तो मज्जातंतू चांगला ओळखीचा होता, पण उचकीमुळे मध्ये बोलता येईना.

"एक गोळी आहे," फिजिशियन शेवटी म्हणाले. "हमखास थांबेल. फक्त दिवसभर गुंगी येईल, तेव्हा आज सुरी धरायची नाही."

"मग काय—उच्—धरू?"

"धीर," असं म्हणून फिजिशियन राउंडला निघून गेले.

म्हणजे उचकी थांबवायची तर ऑपरेशन करता येत नव्हतं, आणि ऑपरेशन करायचं तर आधी उचकी थांबायला हवी होती. सर्जनसाहेबांनी जाळीच्या पट्टीचा एक तुकडा घेतला, टेबलावर ताणून धरला आणि कात्रीने सरळ कापायला सुरुवात केली. अर्ध्यापर्यंत रेघ नेहमीसारखी गेली. मग उचकी आली आणि कात्री उडी मारून भलतीकडेच गेली. त्या वाकड्या छेदाकडे सर्जनसाहेब बराच वेळ पाहत राहिले. भूलतज्ज्ञांनी कपात डोकावून पाहिलं. छोट्या मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं.

थिएटरच्या मुख्य सिस्टर फार कमी बोलत. त्या सर्जनसाहेबांच्या जवळ आल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "सर, कालच्या ऑपरेशनमधली एक कात्री सापडत नाहीये."

काल सर्जनसाहेबांनी एका बेकरीवाल्याचं पित्ताशय काढलं होतं. तो बेकरीवाला त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला, आणि त्याच्या पोटात उघडी कात्री. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. त्यांनी भिंतीचा आधार घेतला, ओठ हलवले.

"उच्."

"नाहीच थांबली," सिस्टर निराश होऊन म्हणाल्या.

"सिस्टर, ती—उच्—कात्री..."

"आहे सर. सगळ्या जागेवर आहेत. दचकवलं की थांबते म्हणतात, म्हणून म्हटलं."

सर्जनसाहेब त्यांना काय बोलले ते उचक्यांमुळे तुकड्यातुकड्यांत आलं, त्यामुळे त्याची धार गेली. पण त्यापेक्षा वाईट गोष्ट वेगळीच घडली होती. दाराबाहेर फरशी पुसणाऱ्या मामांनी सिस्टरांचं पहिलं वाक्य ऐकलं होतं, आणि दुसरं वाक्य येण्याआधीच ते बादली घेऊन पित्ताशयवाल्यांच्या वॉर्डाकडे निघाले होते.

त्या दिवशीच्या ऑपरेशनचे पेशंट आत खाटेवर वाट पाहत होते. ते गाडी चालवायला शिकवायचे, म्हणून सगळं गाव त्यांना मास्तर म्हणे. मास्तरांना हर्निया होता. त्यांचं ऑपरेशन याआधी दोनदा पुढे ढकललं गेलं होतं. एकदा थिएटरचं मशीन बंद पडलं म्हणून, आणि एकदा मास्तरांना सर्दी झाली म्हणून. आता तिसऱ्यांदा ते उपाशीपोटी पडून होते आणि त्यांचा स्वभाव मुळातच उपाशीपोटी राहण्याचा नव्हता.

"मास्तर," सर्जनसाहेब म्हणाले, "आज जरा—उच्—अडचण आहे."

मास्तरांनी त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. "तुम्हाला उचकी लागलीय."

"हो. तेव्हा आपण पुढच्या—"

"नाही," मास्तर म्हणाले. "डॉक्टर, माझ्या गाडीत माझ्या बाजूला एक जादा ब्रेक असतो. तो दाबला की मला इथे कळ येते, म्हणून मी हल्ली जरा उशिरा दाबतो. शिकणाऱ्याला जिवाची भीती नसते, ती मला असते. आज मला घरी पाठवलंत, तर उद्या मी परत गाडीत बसणार. मला घर चालवायचंय. मग रस्त्यावर जे काय होईल, ते सगळं तुमच्याच वॉर्डात येईल."

इस्पितळातले दुसरे सर्जन गावाला गेले होते. उरल्या होत्या छोट्या मॅडम. आपल्या तोंडून हे वाक्य कधी निघेल असं सर्जनसाहेबांना स्वप्नातही वाटलं नव्हतं, आणि निघालं तेही सलग निघालं नाही.

"माझ्याऐवजी या—उच्—करतील. मास्तर, तुमची—उच्—हरकत नसेल तर."

मास्तरांनी छोट्या मॅडमना नीट न्याहाळलं. "पहिलंच?"

"स्वतंत्रपणे, हो," छोट्या मॅडम म्हणाल्या. खोटं त्या बोलल्या नाहीत.

"आणि तुम्ही कुठे असणार?" मास्तरांनी सर्जनसाहेबांना विचारलं.

"मागे. उच्. पूर्ण वेळ."

"मग काहीच हरकत नाही," मास्तर म्हणाले. "माझ्याकडेही असंच असतं. चाक पोराच्या हातात, ब्रेक माझ्या पायाखाली. मी बाजूला बसून नुसतं हं म्हणत असतो. त्या हंवर आजवर किती लोक शिकले असतील, देव जाणे."

भूलतज्ज्ञांनी मास्तरांच्या पाठीत इंजेक्शन दिलं. मास्तर कमरेखाली बधिर झाले आणि कमरेच्या वर पूर्ण जागे राहिले. त्यांच्या छातीपाशी कापडाचा पडदा लावला, म्हणजे त्यांना काही दिसू नये. सर्जनसाहेब हात धुऊन, अंगरखा चढवून टेबलापाशी आले आणि सवयीने पुढे झाले.

"निदान कडा तरी मी—उच्—धरतो."

"हलतील सर," सिस्टर म्हणाल्या आणि कडा त्यांनी स्वतः धरल्या.

सर्जनसाहेब मागे सरले आणि छोट्या मॅडमच्या खांद्यामागे जाऊन उभे राहिले. ज्या थिएटरात त्यांच्या परवानगीशिवाय पंखाही फिरत नसे, तिथे हात बांधून उभं राहण्याव्यतिरिक्त त्यांना आज काम नव्हतं. मास्तर घाबरू नयेत म्हणून त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि उचकी नाकातच दाबायचं ठरवलं. पण दाबलेल्या उचकीला मास्कमधून बाहेर पडताना वेगळाच आवाज येऊ लागला.

"हं."

छोट्या मॅडमनी छेद घेतला होता. त्या थबकल्या, कापलेली जागा पुन्हा तपासली आणि पुढे गेल्या.

"हं."

त्यांनी चिमटा बदलून घेतला.

खरं तर सर्जनसाहेबांच्या अंगाची लाही लाही होत होती. छोट्या मॅडमचा छेद सरळ होता, पण हळू होता. त्या चिमटा धरत होत्या तो बरोबर होता, पण ते स्वतः तसा धरत नसत. त्यांना दर क्षणाला काहीतरी सांगायचं होतं, आणि सांगायला तोंड उघडलं की उचकी निसटेल म्हणून उघडता येत नव्हतं. आजवर त्यांच्या थिएटरात बोलायचा अधिकार फक्त त्यांना होता. आता फक्त त्यांनाच बोलता येत नव्हतं.

"जोरात चाललंय वाटतं," पडद्यापलीकडून मास्तर म्हणाले.

"हं."

"उत्तम," मास्तर म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

मग एका जागी रक्त आलं. फार नव्हतं, एक बारीक रक्तवाहिनी सुटली होती, पण खालचं काही दिसेना. छोट्या मॅडमचा हात थांबला. हीच ती वेळ, असं सर्जनसाहेबांना वाटलं. बाजूला व्हा, असं सांगून ते पुढे होणार होते. त्यांनी तोंड उघडलं.

"बा—हं."

"बांधते सर," छोट्या मॅडम म्हणाल्या. त्यांनी रक्तवाहिनी पकडली, दोरा फिरवला, गाठ मारली. रक्त थांबलं. सर्जनसाहेब पुढे उचललेला पाय तसाच मागे घेत होते, इतक्यात थिएटरचं दार उघडलं आणि मास्क उलटा लावलेले डीन आत आले. डीन म्हणजे इस्पितळाचा सगळा कारभार पाहणारे गृहस्थ. कारभार एरवी ते आपल्या खोलीतूनच पाहत.

"हे कात्रीचं काय प्रकरण आहे?" त्यांनी विचारलं.

"कात्री—उच्—"

"राहिलीय की नाही, एवढंच सांगा."

"नाही रा—उच्—"

"राहिलीय?"

"कुठली कात्री?" पडद्यापलीकडून मास्तरांनी विचारलं, आणि त्यांच्या नाडीचा आकडा दाखवणारं यंत्र एकदम लगबगीने वाजायला लागलं.

"तुमची नाही मास्तर," भूलतज्ज्ञ जांभई देत म्हणाले. "कालची."

"हे कोण बोलतायत?"

"आमचे डीन."

"त्यांना बाहेर काढा," मास्तर म्हणाले. "शिकणारा वळण घेत असताना त्याला प्रश्न विचारायचे नसतात. एवढं तर माझ्या गाडीतल्या आजीबाईंनाही कळतं."

डीन सर्जनसाहेबांकडे आधारासाठी पाहू लागले. सर्जनसाहेब ओठ मिटून उभे होते.

"हं," ते म्हणाले.

डीन बाहेर गेले. छोट्या मॅडमनी हर्नियाच्या जागी आतून आधाराची जाळी बसवली, थर एकेक करून बंद केले आणि शेवटचा टाका घातला. टाके सरळ होते. सर्जनसाहेब वाकून वाकून शोधत राहिले, पण नाव ठेवायला जागा सापडेना, आणि यामुळे ते आणखीनच वैतागले.

बाहेर त्यांच्यासाठी वेगळाच गोंधळ वाढून ठेवला होता. पोटात कात्री राहिल्याचं कळल्यावर बेकरीवाल्याने आरडाओरडा करून आपल्या पोटाचा एक्स-रे काढून घेतला होता. एक्स-रेत कात्री नव्हती. त्याने त्याचं समाधान व्हायला हवं होतं, पण बेकरीवाल्याच्या सासूबाईंनी एक सरळ प्रश्न विचारला होता. इथे नाही, तर मग ती गेली कुठे? यावर वॉर्डात चर्चा झाली. काल त्या टेबलापाशी वाकून वाकून काम कोण करत होतं? सर्जनसाहेब. आणि आज सकाळपासून उचक्या कोणाला लागल्या होत्या? सर्जनसाहेबांना. एवढं कळल्यावर आणखी काही विचारायची कोणाला गरज वाटली नाही. कोणीतरी काळजीपोटी सर्जनसाहेबांच्या घरी फोनही केला.

सर्जनसाहेब थिएटरच्या दाराबाहेर पडले, तेव्हा समोर बाकावर बायको आणि आई बसल्या होत्या.

"बाबू," आईंचे डोळे भरून आले होते. "लहानपणी तू बटण गिळलंस, तेव्हा मी तुला एका शब्दानं बोलले नाही. पण कात्री?"

"आई, मी कात्री—उच्—"

"बघ, आतून टोचतेय," आई बायकोला म्हणाल्या.

"मी सांगत होते, बसून खा," बायको म्हणाली. तिला या सगळ्यातला एक शब्दही खरा वाटत नव्हता, पण ही संधी पुन्हा येणार नाही हेही तिला कळत होतं.

सर्जनसाहेबांनी समजावलं. माणूस कात्री गिळू शकत नाही, गिळली तर चालत फिरू शकत नाही, आणि ऑपरेशन करताना मास्क लावलेला असतो. प्रत्येक मुद्द्याच्या मध्यावर उचकी येत होती आणि ऐकणाऱ्यांचा संशय पक्का होत होता. बेकरीवाल्याच्या सासूबाई मान हलवत होत्या. शेवटी डीननी सर्जनसाहेबांना बाजूला घेतलं.

"एक एक्स-रे काढून टाका साहेब. विषय संपेल."

"माझा? मी—उच्—सर्जन आहे."

"म्हणूनच. तुमच्यात नाही हे दिसलं की लोक पुढे शोधायचे थांबतील. नाहीतर ते आता भूलतज्ज्ञांवर येतील."

एक्स-रेच्या खोलीत तंत्रज्ञाने सर्जनसाहेबांना थंडगार पाटीला छाती लावून उभं केलं आणि तो काचेमागे गेला. "श्वास धरा. हलू नका."

"उच्."

"हललात सर. परत."

"उच्."

"परत."

अखेर दोन उचक्यांच्या मधली जागा सापडली. फोटोत फासळ्या, कणा आणि सर्जनसाहेबांचं बऱ्यापैकी वाढलेलं पोट एवढंच होतं. तो फोटो खिडकीवर लावून सगळ्यांना दाखवण्यात आला. बेकरीवाल्याच्या सासूबाईंनी तो उलटसुलट करून पाहिला. आईंनीही चष्मा लावून पाहिला.

"तब्येत बरी आहे रे तुझी," त्या समाधानाने म्हणाल्या. "उगाच हडकुळा वाटायचास." मग दोघी सासूसुना घरी गेल्या.

दुपार उलटली तरी उचकी चालूच होती. वॉर्डाच्या बाजूच्या खोलीत छोट्या मॅडम ऑपरेशनची टिपणं पुरी करत बसल्या होत्या. सर्जनसाहेबांना पाहून त्या उभ्या राहिल्या.

"सर, थँक यू. तुम्ही प्रत्येक वेळी नेमकं तिथेच हं म्हणालात. रक्त आलं तेव्हा तर मी घाबरलेच होते."

खोटं श्रेय घ्यायची सर्जनसाहेबांना सवय नव्हती. खरं श्रेयच त्यांच्याकडे इतकं होतं की गरज पडली नव्हती.

"ती उचकी होती," ते म्हणाले. "उच्. अशीच."

"माहीत आहे सर," छोट्या मॅडम खाली पाहत म्हणाल्या. "पण तुम्ही मागे आहात आणि मला थांबवत नाहीयात, एवढं तर तिच्यातून कळत होतं."

सर्जनसाहेबांनी त्यावर काहीतरी कडक बोलायचं ठरवलं, पण कडक असं काही आठवेना. "त्या त्वचारोगवाल्यांकडे," ते शेवटी म्हणाले, "तिथं उभं राहायचं नसतं म्हणे. दिवसभर—उच्—बसून असतात. पाठ धरते माणसाची."

"अर्ज मी मागे घेतलाय सर. मघाशीच."

ते तिथून वॉर्डात गेले. मास्तर उशीला टेकून बसले होते, चेहऱ्यावर रंग आला होता, आणि शेजारी त्यांच्यासारख्याच मिशा असलेला एक दांडगा गृहस्थ उभा होता. मास्तरांची जखम पाहून सर्जनसाहेबांनी मान डोलावली.

"हा माझा मेहुणा," मास्तर म्हणाले. "यालाही तेच दुखणं आहे. वर्षभर अंगावर काढलंय, भितो फार. मी त्याला सगळं सांगितलं. आता तयार आहे."

"बरं—उच्—केलंत. पुढच्या आठवड्यात मी घेतो."

मास्तर आणि मेहुण्याने एकमेकांकडे पाहिलं. मेहुण्याने मास्तरांना कोपराने ढोसलं.

"त्याचं काय आहे डॉक्टर," मास्तर जरा संकोचून म्हणाले, "राग मानू नका. त्याचं म्हणणं, त्या बाईंनीच करावं. तुम्ही मागे उभे राहा. हं म्हणायला."

सर्जनसाहेब उत्तर द्यायला तोंड उघडून उभे राहिले. तोंड उघडंच राहिलं. मास्तर वाट पाहत होते, मेहुणा वाट पाहत होता, दाराशी सिस्टर वाट पाहत होत्या. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू येत होता. उचकी आली नाही. आणखी थोडा वेळ गेला, तरी आली नाही.

"थांबली," सिस्टर हळूच म्हणाल्या. "कात्रीनं जे झालं नाही, ते..." पुढचं त्यांनी गिळलं.

पुढच्या आठवड्यात मेहुणा टेबलावर आला. पाठीत इंजेक्शन, छातीपाशी पडदा, समोर छोट्या मॅडम, आणि त्यांच्या खांद्यामागे सर्जनसाहेब. या खेपेला त्यांना उचकी नव्हती. कडा त्यांना धरता आल्या असत्या, सुरीही धरता आली असती, पण त्या दिवशी अखेर मास्तरांना हो म्हणून शब्द दिला होता. ते हात बांधून उभे राहिले. छोट्या मॅडमनी छेद घेतला. तो सरळ होता आणि या वेळी हळूही नव्हता. थिएटरात संपूर्ण शांतता होती.

थोड्या वेळाने नाडीचं यंत्र भराभरा वाजू लागलं.

"डॉक्टर आहेत ना मागे?" पडद्यापलीकडून मेहुण्याचा बारीक आवाज आला. "दाजी म्हणाले होते, आवाज येईल. आवाज येत नाहीये."

"आहेत, आहेत," भूलतज्ज्ञ म्हणाले. पण यंत्र आणखीच घाई करू लागलं. भूलतज्ज्ञांनी यंत्राकडे पाहिलं, मग भुवई उचलून आपल्या मित्राकडे पाहिलं. सिस्टरांनीही पाहिलं. छोट्या मॅडमनी हात थांबवला, पण मागे वळून पाहण्याची त्यांची हिंमत झाली नाही.

सर्जनसाहेब छताकडे पाहत राहिले. मग त्यांनी घसा साफ केला, ओठ मिटले आणि सगळ्या इस्पितळात नाव असलेल्या माणसाला शोभेल अशा आवाजात म्हणाले,

"हं."

यंत्र सावकाश वाजू लागलं. छोट्या मॅडमनी पुढचा टाका घातला. भूलतज्ज्ञ स्टुलावर बसले, पाय लांब केले, आणि थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा एकदा भुवई उचलली.

"हं," सर्जनसाहेब म्हणाले.